घरात फोन एक, पोरं दोन : खेड्यातल्या आईबापांनी मोबाईल कसा सांभाळावा

कापसाचे पैसे खात्यात पडून आठच दिवस झाले होते. ओळखीचे एक काका पासबुक घेऊन माझ्या सेवा केंद्रात आले. “ताई, पाहा बरं, माह्या खात्यातले पैसे कोनं काढले? म्या तं एटीएमलेही नाही गेलो.” स्टेटमेंट काढलं. ९० रुपये, २४० रुपये, ४००, पुन्हा ९०. अशा ३६ नोंदी, मिळून ११ हजारांच्या वर. सगळ्या संध्याकाळी ७ ते ९ मधल्या. काकांना हॅकरचा संशय होता. हॅकर सातवीत शिकत होता आणि माझ्या दाराशी उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. गेममधली बंदूक आणि कपडे घेण्यात पैसे गेले होते. बापाचा यूपीआय पिन त्याला पाठ होता, कारण किराणा दुकानात बापच त्याच्या हाती फोन देऊन “टाक रे पैसे” म्हणायचा.

मुलांच्या इंटरनेट सुरक्षेवरचे लेख मी बरेच वाचले आहेत. त्या लेखांतल्या मुलाकडे स्वतःचा टॅब असतो, घरात वायफाय असतो आणि संध्याकाळी ६ ला आई घरी असते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसकडे आई त्या वेळी वावरातून निघालेली असते, आणि घरात फोन असतो एकच, बापाचा. त्याच फोनवर पीएम किसानचा ओटीपी येतो, पीक विम्याचा मेसेज येतो, त्यातच सगळ्या घराच्या आधार कार्डांचे फोटो असतात, त्यातच बँक असते. आणि त्याच फोनवर पोरगं रील पाहतं. म्हणून आपल्याकडे पोराची सुरक्षा आणि घराची सुरक्षा ही दोन कामं नाहीत. मी लोकांना ज्या क्रमानं करायला सांगते आणि माझ्या घरी (मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत) ज्या क्रमानं केलं, तोच क्रम इथे देते. पहिली दोन कामं आज संध्याकाळीच करा. बाकीच्याला आठवडा लागला तरी चालेल.

पहिलं काम : फोनमधला जीमेल कोणाचा, ते शोधा

हे कुठल्याच लेखात नसतं, म्हणून सुरुवात इथून. आपल्याकडे नवा फोन घेतला की दुकानातला पोरगाच पाच मिनिटांत जीमेल काढून देतो. पासवर्ड त्यालाच माहीत असतो, आणि महिन्याभरात तोही विसरतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना स्वतःच्या फोनमधला मेल आयडी सांगता येत नाही. पण ॲप कोणतं उतरवायचं, यूट्यूबवर काय दिसायचं, हरवलेला फोन कसा शोधायचा, हे सगळं त्या खात्यावरूनच ठरतं. किल्ली दुसऱ्याच्या खिशात असताना दाराला कितीही कुलपं लावली तरी काय उपयोग?

सेटिंग्जमध्ये ‘गूगल’ उघडा. वरती जो मेल आयडी दिसेल तो वहीत लिहून घ्या. ‘मॅनेज युअर गूगल अकाउंट’मध्ये ‘सिक्युरिटी’ पाहा. तिथे रिकव्हरीसाठी, म्हणजे खातं परत मिळवायला, कोणाचा नंबर दिला आहे? दुकानदाराचा किंवा बंद पडलेल्या सिमचा असेल तर तो काढून आपला घाला, पासवर्ड नवा करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खूण विचारणारी सोय) सुरू करा. त्याच पानावर ‘युअर डिव्हाइसेस’ दिसतं. हे खातं आणखी कुठल्या फोनमध्ये उघडं असेल तर तिथून बाहेर काढा. एका घरी मामाच्या पोराच्या फोनमध्ये काकाजींचं खातं दोन वर्षं चालू होतं आणि काकाजींचे सगळे फोटो तिकडे दिसत होते. कोणाचाच वाईट हेतू नव्हता, नुसतं कोणी पाहिलं नव्हतं.

इंग्रजी अडत असेल तर आधी फोनची भाषा मराठी करून घ्या. मराठीतही काही शब्द कोड्यासारखेच आहेत, पण निदान वाचता तरी येतात.

दुसरं काम : पैशाला कुंपण

यूपीआय पिन आजच बदला. नवा पिन मुलाचं जन्मसाल, गाडीचा नंबर किंवा १२३४ नको. दुकानात मुलाला फोन दिलात तरी पिन स्वतः टाका. मुलांना एक गोष्ट पक्की शिकवा : पैसे *घ्यायला* पिन लागत नाही, पिन फक्त *द्यायला* लागतो. “तुमचं बक्षीस जमा करायचं आहे, पिन टाका” असा फोन आला की तो चोरच.

आता यूपीआय लाइट. लहान रकमा पिनशिवाय जाव्यात म्हणूनच ती सोय आहे. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत, आणि त्यात एकूण ५,००० पर्यंत ठेवता येतात. मोठ्या माणसाला चहा-नाश्त्याला बरं. ज्या घरात पोरांच्या हाती फोन असतो त्या घरात मी ते बंदच करायला सांगते. त्याच ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ अशी जागा असते, तीही उघडा. ‘एक रुपयात सात दिवस’ अशा आमिषाला पोरानं होकार दिला असेल, तर पुढे दर महिन्याला पैसे कापले जाण्याची परवानगी तिथे बसलेली असते. रद्द करा.

प्ले स्टोअरमध्ये वरच्या गोल चित्रावर दाबलं की सेटिंग्ज येतात. तिथे ‘पर्चेस व्हेरिफिकेशन’ प्रत्येक खरेदीसाठी चालू करा. पेमेंटच्या यादीत एटीएम कार्ड जतन केलेलं असेल तर काढून टाका. मुलानं चुकून गेममध्ये खरेदी केली असेल तर प्ले स्टोअरकडे ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो. मिळेलच असं नाही, पण मागायचा. त्या काकांना हे दोन महिन्यांनी कळलं, तेव्हा उपयोग नव्हता.

आणि सगळ्यात साधी गोष्ट : ज्या खात्यात कापसा-सोयाबीनचे पैसे येतात ते खातं यूपीआयला जोडूच नका. दुसरं छोटं खातं जोडा, त्यात दोन-तीन हजार ठेवा. तिजोरी घरात, खिशात खर्चापुरते. आपल्या आजोबांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तिसरं काम : फोनमध्ये खरंच काय चाललंय ते पाहा

ओरडायला नाही, पाहायला. सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं. कोणत्या ॲपवर आज किती वेळ गेला ते तिथे चक्राकार चित्रात दिसतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या घरात सगळ्यात जास्त वेळ माझाच निघाला. मुलानं तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवला, आणि त्यानंतर नियमांची बोलणी जरा नरमाईनं झाली.

यूट्यूबची हिस्टरी पाहा, आणि एक अवघड गोष्ट लक्षात घ्या. फोन एकच, खातं एकच. बाप रात्री जे पाहतो त्यावरूनच सकाळी पोराच्या पुढ्यात व्हिडिओ येतात. यूट्यूबला माणसं वेगळी कळत नाहीत. ज्यांना समजायचं त्यांना समजलं असेल. आपल्यासाठी वेगळं खातं काढा, नाहीतर हिस्टरी थांबवून ठेवा. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू करा आणि ‘ऑटोप्ले’ बंद करा. या मोडमुळे सगळं वाईट गाळलं जात नाही, पण बरंचसं जातं.

फोनमध्ये अनोळखी ॲप दिसलं तर आधी विचारा, मग काढा. ‘लग्नपत्रिका’, ‘ट्रॅफिक चलान’, ‘पीएम किसान’ अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइली, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं, त्या पत्रिका नसतात. ती ॲप असतात. उघडून परवानगी दिली की फोनवर येणारे ओटीपी दुसरीकडे जाऊ लागतात. फुकटात डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, देणाऱ्या गेमच्या ‘मोड’ (फेरफार केलेल्या) फाइलीही त्याच वाटेनं येतात. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर या सगळ्यांपुढची परवानगी बंद करा.

लहानग्यांसाठी : पिन करून द्या

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको, कमी असेल तर आणखी बरं. वेचणीच्या दिवसांत हे पाळणं किती कठीण, ते मला माहीत आहे. आजी थकलेली, आई वावरात, आणि बाळ मोबाईलशिवाय घास घेत नाही. बोट दाखवायला मी बसलेली नाही. पण फोन द्यायचाच असेल तर तो अख्खा देऊ नका.

सेटिंग्जच्या सुरक्षेच्या भागात ‘ॲप पिनिंग’ नावाची सोय असते. ती चालू करून ‘अनपिन करताना पिन विचारा’ हेही चालू करा. मग यूट्यूब किड्स किंवा बालभारतीचं पुस्तक उघडा, अलीकडच्या ॲपांची यादी काढा, ॲपच्या चित्रावर दाबून ‘पिन’ निवडा. आता त्या ॲपमधून बाहेर पडायला तुमचा नंबर लागतो. बाळ व्हॉट्सॲपमध्ये शिरून सासुबाईंना व्हिडिओ कॉल लावत नाही की बँकेच्या ॲपमध्ये बोटं घालत नाही. आबाजींनाही दोन वेळा करून दाखवलं की जमतं.

काही फोनमध्ये ‘मल्टिपल यूजर्स’ असतं, म्हणजे एकाच फोनमध्ये मुलासाठी वेगळी खोली. सगळ्या कंपन्या ती सोय देत नाहीत. तुमच्यात असेल तर वापरा, नसेल तर पिनिंग पुरतं.

जुना फोन मुलाला दिलात तर : फॅमिली लिंक

आठवी-नववीच्या सुमाराला बहुतेक घरांत काच तडकलेला जुना फोन पोराच्या नावानं होतो. अभ्यासाच्या नावाखाली म्हणा हवं तर. दीक्षा ॲपवर पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायला खरंच लागतोही. हीच वेळ गूगलचं ‘फॅमिली लिंक’ बसवण्याची. बापाच्या रोजच्या फोनवर ते नीट बसत नाही; मुलाचा वेगळा अँड्रॉइड फोन असेल तरच त्याचा खरा उपयोग.

आपल्या फोनवर फॅमिली लिंक उतरवा. मुलाचं गूगल खातं काढा, खरी जन्मतारीख घालून, आणि ते फॅमिली लिंकला जोडा. मग त्या खात्यानं जुना फोन सुरू करा. इतकं झालं की मुलानं कोणतंही नवं ॲप मागितलं तर परवानगीची विचारणा तुमच्याकडे येते. दिवसाला किती वेळ, रात्री किती वाजता फोन बंद, हेही तुम्हीच ठरवता, आणि फोन कुठे आहे ते नकाशावर दिसतं. मी रात्री साडेनऊचं कुलूप लावलं आहे. एक अडचण मात्र आमच्याकडची खास : तुम्ही केलेला बदल मुलाच्या फोनपर्यंत पोचायला तिकडे नेट लागतं, आणि आमच्या गावात रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ. तेव्हा रोज वेळ बदलत बसू नका, एकदाच विचार करून लावा.

हे मुलापासून लपवून बसवू नका. त्याच्या समोर, त्यालाच बोटं चालवायला लावून बसवा. गुपचूप नजर ठेवणारी ॲप मिळतात, पण ती मी कोणालाच बसवून देत नाही, पैसे दिले तरी नाही. एक तर अशा ॲपमधूनच फोनची माहिती बाहेर जाते. आणि पोराला कळल्यावर तो पुढची गोष्ट तुम्हाला कधीच सांगणार नाही.

व्हॉट्सॲप

व्हॉट्सॲपची अट १३ वर्षांची आहे. शाळेचा ग्रुप मात्र पहिलीपासून असतो आणि तो आईबापाच्या नंबरवर, म्हणजे पर्यायानं पोराच्या हातात. ‘प्रायव्हसी’मध्ये तीन आणि ‘अकाउंट’मध्ये एक, अशा चार गोष्टी करा. प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असा ठेवा, विशेषतः फोटो मुलीचा असेल तर. ‘ग्रुप्स’मध्ये ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा, म्हणजे कोणीही उचलून कुठल्याही ग्रुपात टाकणार नाही. ‘कॉल्स’मध्ये अनोळखी कॉल मूक करा. आणि ‘अकाउंट’मध्ये दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणंही बंद करा. गावच्या ग्रुपात पहाटे काय काय येतं, ते मुलांनी गॅलरीत पाहायची गरज नाही.

आता माझ्या धंद्यातलीच एक गोष्ट. झेरॉक्स किंवा सेवा केंद्रात कागद काढायला लोक दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब लावतात, प्रिंट घेतात आणि निघून जातात. लॉगआउट कोणीच करत नाही. दुकानदाराला पुढे कितीतरी दिवस तुमचे सगळे मेसेज, घरातल्या लेकीबाळींचे फोटो दिसत राहतात. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा आणि ओळखीचं नसेल ते काढा. आत्ता, हा लेख मध्येच थांबवून केलंत तरी चालेल.

गेम

पबजी सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये. पोरांना विचारलं तर ती हसतील. फ्री फायरचाच मॅक्स अवतार चालू राहिला आणि पबजीच्या जागी भारतासाठी वेगळा गेम आला. म्हणजे सरकारनं बंदी घातली की आपलं काम संपलं, असं होत नाही.

गेममध्ये गोळ्या झाडणं ही माझ्या मते तिसऱ्या नंबरची काळजी. पहिली पैशाची, तिचं कुंपण वर घातलंच. दुसरी कानात घातलेल्या हेडफोनची. टीममध्ये बोलणारा ‘भाई’ कोण, किती वर्षांचा, कुठला, हे पोराला माहीत नसतं. तो आधी डायमंड भेट देतो, मग नंबर मागतो, मग म्हणतो इन्स्टावर ये. शेजारी बसून एक डाव पाहा. व्हॉइस चॅट फक्त ओळखीच्या मित्रांपुरती ठेवायला लावा. ‘आयडी विकतो, आयडी घेतो’ (आयडी म्हणजे गेममधलं खातं) या व्यवहारात आमच्या भागातली पोरं फसतात : पैसे जातात, आयडी मिळत नाही, आणि घरी सांगता येत नाही म्हणून मित्राकडून उसने घेतात.

पैसे लावून खेळायचे रमी, सट्टा, ‘टीम बनवा लाखो जिंका’ हे वेगळं प्रकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती दोन्हींवर बंदी घातली. तरीही टेलिग्रामवर कोणी लिंक पाठवली तर तो खेळ उघड उघड बेकायदा आहे, हे सोळा-सतरा वर्षांच्या पोराला स्पष्ट सांगा. बापच पारावर बसून खेळत असेल तर मात्र सांगून उपयोग नाही.

इन्स्टाग्राम, आणि गावातलीच माणसं

इथे मी जास्त थांबणार आहे.

इन्स्टाग्रामलाही १३ वर्षं पूर्ण लागतात. पोरं जन्मसाल २००० टाकून मोकळी होतात. त्यात त्यांचंच नुकसान होतं, कारण फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीन मुलांची खाती आपोआप खासगी होतात, अनोळखी माणसाचा मेसेज त्यांना येत नाही, आणि १६ वर्षांखालच्या मुलाला हे नियम सैल करायचे तर आईबापाची परवानगी लागते. खोटं वय टाकलं की हे सगळं संरक्षण गेलं. म्हणून खातं काढायचंच असेल तर तुमच्यासमोर, खऱ्या तारखेनं. शाळेच्या गणवेशात, गावाच्या पाटीजवळ, घराच्या दारात रील काढू नये, एवढं सांगा. का, तेही सांगा : त्या तीन गोष्टींवरून मुलगी कुठे, किती वाजता सापडेल ते कोणालाही कळतं.

शहरातले लेख ‘अनोळखी माणसापासून सावध’ म्हणतात. खेड्यात धोका कितीदा तरी ओळखीचाच असतो. मुलीच्या नावानं खोटं खातं काढणारा शिकवणीतला पोरगा असतो. स्टेटसवरचा फोटो घेऊन तो एखाद्या ॲपनं भलत्याच अंगावर चिकटवणारा भावाचा मित्र असतो. त्याला पैसे नको असतात. त्याच्या हातात एकच हत्यार असतं, ‘गावात दाखवीन’. आणि त्या हत्याराला धार आपणच लावलेली असते.

एक नववीतली मुलगी माझ्याकडे स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला यायची. तिसऱ्या दिवशी फॉर्म भरून झाला तरी ती उठेना. मग म्हणाली, “ताई, घरी सांगितलं तं बाबा शाळाच बंद करतीन.” धमकीच्या मेसेजपेक्षा तिला भीती बापाची होती. तिचा अंदाज चुकीचा नव्हता; अशा वेळी पहिली शिक्षा मुलीलाच होते, फोन जातो, शाळा जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न होतं. धमकावणाऱ्याला हे आपल्याहून चांगलं माहीत असतं. त्याचा धंदा तिच्या गप्प बसण्यावरच चालतो.

म्हणून सगळ्या सेटिंग्जच्या आधी, काहीही झालेलं नसताना, जेवताना एकदा सांगून ठेवा. आमच्या भाषेत मी असं सांगितलं : “फोनवर कोणी काही बी म्हटलं, तुही चूक असली तरी, आधी मले सांगजो. मी मारनार नाही, शाळा बंद करनार नाही.” मुलगा म्हणाला, “खरंच?” त्या ‘खरंच?’चं मला वाईट वाटलं, पण प्रश्न बरोबर होता. त्यानंतर त्यानं एकदा खरंच काही सांगितलं, आणि मला ओठ चावून शांत बसावं लागलं. ते जमलं तरच पुढचं सगळं जमतं. मुलग्यांनाही सांगा. व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला लावून, रेकॉर्ड करून पैसे मागणारी टोळी मुलग्यांनाच जास्त गाठते, आणि मुलगे तर त्याहून गप्प बसतात.

घडलंच तर, त्याच तासात

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, रागात खातंही उडवू नका. समोरच्याचं नाव, त्याच्या प्रोफाइलची लिंक, नंबर, धमकीचे मेसेज यांचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर ॲपमध्येच तक्रार करा आणि मग ब्लॉक. तो नागडा फोटो किंवा व्हिडिओ मात्र ‘पुरावा’ म्हणून भावकीच्या ग्रुपात पाठवू नका, कोणालाच पाठवू नका. १८ वर्षांखालच्या मुलांचं असं चित्र पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. काळजीनं पाठवलं, ही सबब चालत नाही. फोन आहे तसा पोलिसांना दाखवा.

पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन. किती लवकर केला यावर सगळं अवलंबून असतं, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत बँकेला ते अडवता येतात. पैशाचा प्रश्न नसेल तर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास, फुकट. मूल स्वतःही तिथे बोलू शकतं. जीवाला धोका वाटला तर ११२.

ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की आपल्याकडे पाय लटपटतात. पोक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा २०१२ चा कायदा, यात काय सांगतो ते माहीत असू द्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. मुलाचं नाव, शाळा, पत्ता छापता येत नाही. त्यामुळे “पोलिसात गेलं की पेपरात येईल” हे पाटील किंवा सरपंच सांगत असतील तर ते चूक आहे. चार माणसं बसवून, हात जोडायला लावून, गावातल्या गावात मिटवणंही चूक. लैंगिक गुन्हा माहीत असून कळवला नाही तर न कळवणाऱ्यावरच तो कायदा लागतो.

नागडे फोटो पसरायची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. फुकट, नाव न देता. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त एक अंकांचा ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारं चित्र आपल्या ॲपवर शोधून काढतात. पान वाचायला अडलं तर गावातल्या विश्वासाच्या एखाद्या शिकलेल्या बाईला सोबत बसवा.

वेळेचं काय?

पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे संध्याकाळी ७ चा भोंगा सुरू झाला : दीड तास टीव्ही, मोबाईल बंद, पोरं पुस्तकाशी. दोन्हींची चर्चा खूप झाली. मला भोंगा जास्त पटतो. सरसकट बंदीत पोरगं लपवायला शिकतं. भोंग्याच्या वेळी बापालाही फोन खाली ठेवावा लागतो.

घरी मी तीनच नियम ठेवले. फोन जेवताना ताटाजवळ नाही. रात्री चार्जिंग ओसरीत, अंथरुणात नाही. आणि दार लावून फोन पाहायचा नाही. रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो हे आमच्यावरचे उपकार आहेत, फक्त शेजारच्या दादाचा हॉटस्पॉट कोणत्या वेळी चालू असतो ते विचारून ठेवा. रात्रपाळीच्या लाइनीवर ओलिताला जाणाऱ्या बापानं फोन सोबत न्यावा. एक तर विंचू-सापाचं भय, टॉर्च आणि फोन दोन्ही लागतात, आणि दुसरं, घरी राहिलेला फोन त्या रात्री झोपत नाही.

दर तीन महिन्यांनी

फोनचं अपडेट आलं की काही सेटिंग्ज आपोआप बदलतात, पोरंही बदलतात. म्हणून पोळा, दिवाळी, होळी अशा सणांना घर सारवतो तसा फोनही पाहून घ्यायचा : लिंक्ड डिव्हाइसेस, ऑटोपे, अनोळखी ॲप, अनोळखी खातं. ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही पाहा. पोराच्या मित्रानं तुमच्या आधारवर सिम काढलं असेल तर ते तिथे दिसतं आणि तिथूनच नाकारता येतं.

आणि जुना फोन विकायचा किंवा भाच्याला द्यायचा असेल तर नुसते फोटो पुसून देऊ नका. आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, बँकेची ॲप काढा, मग ‘फॅक्टरी रिसेट’ करा. खातं न काढता रिसेट केलं तर पुढच्या माणसाला फोन जुन्या जीमेलचा पासवर्ड मागू शकतो. तो कोणालाच माहीत नसतो, आणि मग फोन घेऊन सगळे माझ्याकडे येतात.